मागावर एक साडी, वहीत चाळीस कामं

लग्नसराईच्या तोंडावर येवल्यातल्या कुठल्याही पैठणी विणणाऱ्या घरात जा, कामांचा ढीग दिसेल. रेशीम रंगवून यायचं आहे, कांड्या भरायच्या आहेत, नव्या ताण्याची सांधणी बाकी आहे, दोन गिऱ्हाइकांचे फोन येऊन गेले आहेत. त्यातच मुलाची फी, आईचा दवाखाना आणि वीजबिल. ही यादी बघून ‘आपण कमी पडतो’ असं घरातल्या कर्त्या माणसाला वाटतं. शिक्षकाला, दुकानदाराला, कांदा काढणीला आलेल्या शेतकऱ्यालाही तसंच वाटतं. मला हे मनापासून खटकतं. कारण दोष बहुधा माणसाच्या मेहनतीत नसतो. कामांविषयीच्या काही चुकीच्या समजुती आपण वर्षानुवर्षं खऱ्या धरून चाललो आहोत.

त्यातली सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे ‘मला माझ्या कामाचा अंदाज आहे’. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच बिघडलं तर किती लागतील, यावर विद्यार्थी म्हणाले, सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सुमारे ५६. हा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही तोकडा पडला. काम डोळ्यांसमोर आणताना आपण ते सुरळीत चाललेलंच बघतो. मध्ये येणारा पाहुणा, ताप, वीज जाणं हे त्या चित्रात नसतं.

जुना विणकर इथे वेगळा विचार करतो. साध्या पदराची पैठणी काही आठवड्यांत उतरते, पण भरगच्च नक्षीच्या पैठणीला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही उलटतं. त्यामुळे ‘मी किती भराभर विणू शकतो’ हा प्रश्न तो स्वतःला विचारत नाही. असाच पदर मागच्या वेळी किती दिवसांत झाला होता, ते तो आठवतो. शाळेचा निकालपत्रकांचा गठ्ठा असो की दुकानाचा वर्षाचा हिशेब, मागच्या खेपेला लागलेले दिवस हाच भरवशाचा अंदाज.

‘एका वेळी चार कामं करता आली पाहिजेत’ असं आपण मुलांनाही सांगतो. आणि दाखला म्हणून कुणी पैठणीचा पदरच दाखवेल. एका ओळीत कितीतरी रंगांच्या तिल्ल्या, म्हणजे धाग्याच्या छोट्या कांड्या, सरकत असतात, मोराचा निळा, पानाचा हिरवा, चोचीचा लाल. पण नीट बघा. त्या सगळ्या तिल्ल्या एकाच ओळीच्या असतात. ती ओळ भरून फणी ठोकल्याशिवाय विणकर पुढच्या ओळीला हात घालत नाही. विचार लागणारी दोन वेगळी कामं आलटून पालटून केली, की प्रत्येक बदलाला वेळ खर्च होतो आणि कामं जितकी गुंतागुंतीची तितका तो खर्च वाढतो, हे २००१ सालच्या प्रयोगांत मोजलं गेलं आहे. शिवाय अर्धवट सोडलेलं पहिलं काम दुसऱ्या कामातही मनात रेंगाळत राहतं.

‘आधी बारीकसारीक उरकू, मग मोठ्याला निवांत बसू’ हेही तसंच फसवं. बारीक कामं संपत नाहीत, ती उगवत राहतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर असं आढळलं की एखाद्या कामाची मुदत जवळ आहे असा नुसता भास झाला, तरी लोक जास्त मोबदल्याचं काम सोडून तेच उचलतात. फोन वाजला की माग सोडून उठायचं, हे त्याचंच रूप. ताज्या डोक्याचा सकाळचा तास मोठ्या कामालाच द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता यादीविषयी. काही जण म्हणतात, ‘लिहायची काय गरज, सगळं डोक्यात आहे.’ डोक्यात असतं हे खरं, पण तिथे ते टोचत असतं. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली बर्लिनमध्ये मांडलं की अपुरी राहिलेली कामं जास्त आठवतात. पुढच्या प्रयोगांत हे दर वेळी तसंच दिसलं नाही. मात्र २०११ च्या एका अभ्यासात महत्त्वाची गोष्ट सापडली. काम पूर्ण न करताही, ते केव्हा आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, तरी त्याची टोचणी कमी होते. म्हणून ‘आईचा दवाखाना’ असं लिहून भागत नाही. ‘गुरुवारी सकाळी दहाला आईला घेऊन जाणे, जुने रिपोर्ट आदल्या रात्री पिशवीत’ असं लिहावं.

मग लांब यादी वाईट की चांगली? अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झोपेचा अभ्यास झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. जितकं तपशिलात लिहिलं, तितकी झोप लवकर. तेव्हा रात्रीची यादी खुशाल लांब असू द्या, ती डोकं रिकामं करायला आहे. उद्याची यादी मात्र वेगळी हवी, तीन-चार कामांची. या दोन याद्या एकाच कागदावर ठेवल्या की सकाळी बघताक्षणी धीर सुटतो.

आणि इतकं करूनही काही कामं दिवसांत मावणार नाहीत. दहा साड्यांची ऑर्डर घेतली म्हणून माग दहा होत नाहीत. अशा वेळी गप्प बसून तारीख चुकवू नका. पाडव्याला साडी उतरणार नसेल, तर ज्याची ती आहे त्याला आजच फोन करा आणि अक्षय्य तृतीयेची तारीख द्या.