मेणबत्त्यांच्या उजेडात 'आईदा'

उन्हाळ्यातील रात्र. इटलीतील व्हेरोना शहराच्या सुमारे दोन हजार वर्षे जुन्या रोमन प्रेक्षागृहात, उघड्या आकाशाखाली, दगडी पायऱ्यांवर हजारो लोक बसले आहेत. अंधार पडताच हातातल्या लहानलहान मेणबत्त्या पेटतात आणि 'आईदा' हा ऑपेरा सुरू होतो.

संगीतकार व्हेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त १० ऑगस्ट १९१३ रोजी व्हेरोनाचाच गायक झेनातेल्लो याच्या पुढाकाराने येथे 'आईदा' प्रथम झाला. तीच या उन्हाळी उत्सवाची सुरुवात. दोन महायुद्धांनी त्यात खंड पाडला, पण उत्सव टिकला.

आपल्या संगीत नाटकात पदांच्या मधे गद्य संवाद असतात. येथे संवादही गाऊनच म्हटले जातात. कथा मात्र कोणाच्याही काळजाला भिडेल अशी आहे. आईदा ही इथिओपियाची राजकन्या इजिप्तमध्ये दासी आहे आणि तिचे प्रेम जडले आहे शत्रूचा सेनापती रादामेस याच्यावर. युद्धकैदी झालेला बाप तिला बजावतो, "सैन्य कोणत्या वाटेने जाणार, ते त्याच्याकडून काढून घे." बाप, देश की प्रियकर? ती विचारते, तो बोलून जातो आणि देशद्रोही ठरतो. त्याला मंदिराखालच्या तळघरात जिवंत कोंडतात. तेथे आधीच येऊन लपलेली आईदा त्याच्यासोबत मरण पत्करते.

विजयाची भव्य मिरवणूक डोळे दिपवते. पण घरी परतताना कानांत रेंगाळतो तो त्या दोघांचा हळुवार निरोप.