दोन पेरं ठेवून

दुपारी पानात वाढलेली पुदिन्याची चटणी रात्रीच्या जेवणातही हिरवीच होती. शहरात मिक्सरमधून काढलेली अशी चटणी थोड्याच वेळात शेवाळी आणि मग काळपट होते. गडचिरोलीतल्या हेमलकशाच्या या घरातली तशी का झाली नाही, ते बघायला मी दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वाटणाऱ्या मावशींच्या घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, जाऊन उभी राहिले.

मावशी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या आणि आता चार घरचा स्वयंपाक करतात. सांदवाडीत वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, कुंपणावर वालाचा वेल. पुदिना मात्र या सगळ्यांपासून लांब, पिण्याच्या पाण्याच्या रांजणाखाली. रांजण पाझरतो, तांब्या बुडवताना पाणी सांडतं, त्यामुळे तिथली माती कधीच वाळत नाही. बूड गेलेला एक माठ जमिनीत गळ्यापर्यंत पुरून त्यात पुदिना लावला आहे. जमिनीतून आडवे धुमारे सोडत तो पसरतो, मोकळा ठेवला तर शेजारच्या आळ्यात शिरतो.

मी खुडायला वाकले तशा मावशी म्हणाल्या, "दोन पेरं ठेवजा, ताई. दोनाच्या खाली हात नाही लावायचा."

पुदिन्याच्या दांड्यावर ठरावीक अंतरानं समोरासमोर दोन पानं येतात आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक कोंब झोपलेला असतो. शेंडा खुडला की तो जागा होतो. एका दांड्याचे दोन होतात, दोनाचे चार. बुडापासून ओरबाडलं तर पुन्हा जमिनीतून वर येण्याची वाट बघावी लागते. आणि फुलावर येऊ दिला तर पानं लहान, राठ होतात. मावशींना हे कोणी शिकवलेलं नाही. हात दांड्यावरून खाली सरकतो, दोन पेरं मोजतो, नख लागतं. बोलणं चालू असतानाही मोजणं चुकत नाही. मी पुनःपुन्हा बघत राहिले ते हे नख.

दांडा बोटांत फिरवला तर चार कडा लागतात. तुळशीचाही तसाच, कारण दोन्ही झाडं एकाच कुळातली. पानाच्या अंगावर तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, वास सगळा तिथला. बोट घासलं तरी त्या फुटतात. म्हणजे जुडी बांधली, पोत्यात दाबली, गाडीत हादरली की पुदिना वाटेतच खर्ची पडू लागतो. आलापल्लीहून हेमलकशाला येणारा रस्ता साठेक किलोमीटर जंगलातला आहे. त्या रस्त्यानं आलेली जुडी आणि रांजणाखालून खुडलेली मूठ यांना एकच नाव देणं मला पटत नाही.

आता पाटा. मीठ, लसूण आणि हिरवी मिरची आधी. मग आवळे. डिसेंबर असल्यानं आवळे जंगलातून आलेले, लहान, कडक आणि तोंड वाकडं करायला लावणारे. बिया काढून ते मिरचीत इतके वाटले की पाट्यावर पाणी सुटलं. पुदिना तोवर बाजूला, ओल्या फडक्यात. मी विचारलं, एकदमच का नाही वाटत? मावशी म्हणाल्या, "आंबटाच्या आधी पुदिना आला की काळा पडते."

उत्तर या एका वाक्यात आहे. पान चिरडलं की त्यातलं एक विकर हवेतल्या प्राणवायूच्या मदतीनं रंग काळवंडवतं. कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं ते याच प्रकारच्या विकरामुळे. आवळ्यातलं आम्ल त्याचा जोर कमी करतं आणि आवळ्यात भरपूर असलेलं क जीवनसत्त्व काळवंडणं मागे रेटतं. पुदिना शेवटी पडतो तेव्हा पाट्यावर त्याच्यासाठी सगळी तयारी झालेली असते. मग वरवंटा मोजकाच फिरतो. मिक्सरमध्ये पाती पानाचा भुगा करतात, त्यात हवा घुसळतात, भांडंही तापतं. घाईच्या दिवशी मिक्सर वापरायला माझी हरकत नाही, पण तेव्हाही आवळा किंवा लिंबू आधी आणि पुदिना शेवटी, एवढं पाळता येतं.

चटणी जिभेवर ठेवली की आधी मिरची पेटते आणि मागून गारवा येतो. खरं तर तोंडाचं तापमान दोन्ही वेळा तेवढंच असतं. मिरचीतला कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो आणि मेंथॉल थंडी ओळखणाऱ्यांना. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं, त्यामागच्या संशोधनात मिरची आणि पुदिन्यातले हेच पदार्थ हत्यारासारखे वापरले गेले होते. आपल्या घरच्या पुदिन्यात बहुधा मेंथॉल कमी आणि कार्व्होन जास्त, म्हणून त्याचा गारवा औषधी गोळीसारखा झोंबत नाही.

त्या दिवशी उरलेली पानं ताकात गेली आणि थोडी वरणात, पातेलं चुलीवरून उतरवल्यावर. उकळत्या वरणात टाकली असती तर वास वाफेबरोबर गेला असता.

शेजारचं घर माडिया कुटुंबाचं. तिथे त्याच सकाळी लाल मुंग्यांची चटणी वाटली जात होती. झाडावर पानं विणून बांधलेली घरटी उतरवायची, मुंग्या आणि अंडी मीठ-मिरचीबरोबर वाटायची. आंबटपणा मुंगीतल्या फॉर्मिक आम्लाचा. बाहेरून येणारी माणसं या चटणीचे फोटो काढून नवलानं बोलतात. मला तिथे नवल वाटलं नाही. चालत जाऊन आणता येईल एवढ्या अंतरावरचं आंबट भाताशेजारी आणायचं, हीच रीत दोन्ही पाट्यांवर होती.

या गावात अंतराला फार किंमत आहे. बाबा आमट्यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे इथेच राहिले, तेव्हा धड रस्ता नव्हता, वीज नव्हती. आज रस्ता आहे, तरी पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडचं भामरागड तुटतं आणि आलापल्लीच्या वाटेवरचे नाले फुगले की हेमलकसाही. त्या दिवसांत बाजारच्या भाजीचा भरवसा नसतो. मावशींचा पुदिना मात्र असतो, पाणी साचून कुजू दिला नाही तर. "पावसात काही नसलं तरी दोन पेरं असतेतच," त्या म्हणाल्या.

चमचाभर चटणीनं कुपोषण हटत नाही. पण नुसत्या भाताला ती चव देते. आणि एकदा परसात पुदिना जगला की त्याच्या शेजारी मिरची येते, मिरचीशेजारी शेवगा.

शाळांमधल्या पोषण परसबागांसाठी केंद्र सरकारनं 2019 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. गडचिरोली-चंद्रपूरच्या आश्रमशाळांत काम करणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: पुदिन्यासाठी बियाणं, निधी, मंजुरी यांतलं काही लागत नाही. कुणाच्या तरी परसातले चार जाड देठ मागून आणा, पाण्यात उभे ठेवा, आठ-पंधरा दिवसांत मुळं दिसतील. हातपंपाजवळच्या ओलीत ते लावा आणि पहिली खुडणी मुलांच्या हातानं करा.