नामपूरचा लाकडी कॅमेरा आणि 'मेलेली' लेन्स

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी कमी केली आहे.)

आजचा भाग ओट्यावर बसून रेकॉर्ड केलाय, मागून कांद्याचे ट्रॅक्टर जातायत, तेवढं चालवून घ्या. मी आहे नामपूरमध्ये. मोसम नदीकाठचं, बागलाणातलं नामपूर. इथल्या एका बंद स्टुडिओतला जुना लाकडी कॅमेरा बघायला मला बोलावलं होतं. ज्यांचा स्टुडिओ होता ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही आबाच म्हणतो.

भानगड अशी होती की शहरातून एक गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. त्याला फक्त पितळी लेन्स हवी होती, दिवाणखान्यात मांडायला. लाकडी पेटी त्याच्या कामाची नव्हती. आबा देऊनही टाकणार होते, कारण त्यांच्या मते लेन्स संपलेली होती. मला म्हणाले, "ती लेन्स मरी गई, भो." मी आठ दिवस मागून घेतले. लेन्स खरंच गेली असेल तर विका, पण कॅमेऱ्याला एकदा विचारून तर बघू, असं म्हटलं. त्या आठ दिवसांत काय काय केलं, ते आज सांगतो. तुमच्याकडेही माळ्यावर अशी पेटी पडलेली असू शकते.

आधी कॅमेरा समजून घेऊ. पेटीवर छोटी पट्टी आहे : वागीश्वरी. केरळातल्या अलप्पुळात के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात हे कॅमेरे बनवायला सुरुवात केली. वागीश्वरी म्हणजे सरस्वती. सागवानी लाकूड, पितळी फिटिंग. परदेशी कॅमेरे मिळेनासे आणि परवडेनासे झाले, तेव्हा देशभरातल्या स्टुडिओंनी हेच वापरले. (आपल्या नाशिक जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवत होते. तेव्हाच्या स्टुडिओतही असाच सगळा पसारा असायचा : काळं फडकं, भाता, काचेच्या प्लेटा.)

या कॅमेऱ्यात गुंतागुंतीचं असं काही नाही. पुढे एक फळी, तिच्यावर लेन्स. मागे एक चौकट, तिच्यात घासलेली काच. दोघांच्या मध्ये घड्या पडणारा चामडी भाता. भाता लांबवला की जवळचं स्पष्ट दिसतं, आखडला की लांबचं. काचेवर चित्र उलटं पडतं, वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही. ते बघायला डोक्यावर काळं फडकं घ्यायचं. चित्र जुळलं की काच बाजूला करून तिथं प्लेटचा होल्डर सरकवायचा, झाकण ओढायचं, उजेड द्यायचा. मीटर नाही, बॅटरी नाही. आणि अशा जुन्या लेन्सला शटरही नसतं. लेन्सचं टोपण काढायचं, मोजायचं, परत लावायचं. झालं.

आता लेन्सकडे. मेली की नाही, हे ठरवायला एक टॉर्च पुरते. अंधारात लेन्सवर टॉर्च धरा आणि आतली प्रतिबिंबं मोजा. काच आणि हवा जिथं भेटतात तिथं झगझगीत ठिपका दिसतो, आणि दोन काचा डिंकाने चिकटवलेल्या असतील तिथं मंद. आमच्या लेन्समध्ये चार झगझगीत आणि दोन मंद ठिपके निघाले. म्हणजे दोन-दोन काचांच्या दोन जोड्या, एक पुढे, एक मागे. ही रॅपिड रेक्टिलिनियर जातीची लेन्स. १८६६ साली इंग्लंडात डालमायर आणि जर्मनीत श्टाइनहाइल, दोघांनी ही रचना स्वतंत्रपणे काढली, आणि पुढे कितीतरी वर्षं स्टुडिओंमध्ये तीच चालली. सहा झगझगीत आणि एक मंद असता, तर मी खुर्चीवरून उठलोच असतो. कारण मग ती पेट्झवाल निघाली असती. १८४० सालची रचना, मधोमध धारदार आणि कडेला घुमल्यासारखा धूसरपणा. शोकेसवाले हल्ली तीच शोधत फिरतात.

आबांना जो 'मेलेपणा' दिसत होता, तो आतल्या बाजूच्या दोन पृष्ठभागांवर बसलेला धुरकट थर होता. दोन्ही जोड्या आट्यांवर असतात, हाताने फिरवून निघतात. मऊ ब्रशने धूळ झटकली, मग लेन्स पुसायच्या द्रवात भिजवलेला स्वच्छ कपडा, अगदी हलक्या हाताने. थर निघून गेला. एका कडेला इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसतात, तिथं जुना डिंक सुटू लागलाय. त्याला हात लावला नाही, फोटोत त्याने फारसा फरक पडत नाही. एक विनंती : पितळ दिसलं म्हणून पितांबरी घेऊन बसू नका. पावडर आट्यांमध्ये जाते, कोरलेली अक्षरं झिजतात, आणि आत काजळी रंग दिलेला असतो तो निघाला की उजेड आतल्या आत उसळतो. काळवंडलेलं पितळ फोटोला आडवं येत नाही.

जाता जाता एक. बरेच जण विचारतात, अशी लेन्स डिजिटल कॅमेऱ्याला बसवता येईल का? येईल, अडॅप्टर मिळतात. पण हाफ प्लेटचा कर्ण जवळपास २०४ मिलिमीटर आहे आणि फुल फ्रेम सेन्सरचा ४३. म्हणजे मधला एक छोटा तुकडाच तुमच्या वाट्याला येतो. या लेन्सची जी काही गंमत आहे ती कडेला, आणि कडच कापली जाते. मला तरी हे आमरसाची वाटी समोर ठेवून बोट चाटण्यासारखं वाटतं.

पुढची अडचण लेन्स बसवण्याची. तिची आट्यांची पितळी चकती कधीच हरवली होती, आणि जुन्या लेन्सांच्या आट्या आजच्या कुठल्या मापाला जुळत नाहीत. लेथवर नवी चकती कातून घेता आली असती, पण आठ दिवसांत कोण देणार? मग शेताकडे बघितलं. ६३ एमएमचा पीव्हीसी पाइप. त्याचा चार बोटं तुकडा कापला, लांबीत एक चीर दिली, आत काळं मखमल चिकटवलं, लेन्स आत सरकवली आणि वरून पाइपची लोखंडी क्लिप आवळली. सुतारदादांनी सहा एमएम प्लायची फळी करून तिला पाइपाएवढं भोक पाडून दिलं. लेन्सवर एक ओरखडा नाही, आणि उद्या खरी चकती मिळाली तर सगळं परत काढता येतं. जुन्या वस्तूत बदल करायचा तर असाच करावा, असं माझं मत आहे.

मागची घासलेली काच फुटलेली होती. ती घरी होते. ऑटो पार्ट्सच्या दुकानातून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणा, दोन काचांच्या मध्ये थोडं पाणी आणि पेस्ट घालून गोल गोल घासा. तासाभरात एक बाजू दुधी होते. पण बसवताना चूक करू नका : दुधी बाजू लेन्सकडे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुधी पृष्ठभाग ज्या खोलीवर असतो, नेमक्या त्याच खोलीवर होल्डरमध्ये फिल्म आली पाहिजे. काचेवर डोळा जुळवलात आणि फिल्म एक मिलिमीटर मागे असली, तर फोटोत डोळ्याऐवजी नाक स्पष्ट येतं. आबांचे होल्डर काचेच्या प्लेटसाठी केलेले, फिल्म त्यापेक्षा कितीतरी पातळ. म्हणून फिल्मच्या मागे त्याच मापाचा पुठ्ठा घातला, म्हणजे फिल्म पुढच्या ओठाला टेकून बसते. व्हर्नियरने दोन्हीकडची खोली मोजली. या कामाला पूर्ण एक दिवस गेला, आणि सगळ्यात कंटाळवाणा दिवस तोच होता.

भात्यात भोकं आहेत का ते कसं बघायचं? रात्री, दिवे बंद, भाता पूर्ण ताणायचा आणि आत टॉर्च ठेवायची. आमचा भाता म्हणजे चांदणं निघालं. अकरा भोकं मोजली, बहुतेक घड्यांच्या कोपऱ्यावर. पातळ काळ्या चामड्याचे तुकडे लवचीक गोंदाने आतून लावले. चिकटपट्टी वापरू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिचा डिंक वितळतो आणि घड्या एकमेकींना चिकटतात.

आता फिल्म. हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. या मापाची फिल्म दुकानात जाऊन मिळत नाही. यावर उपाय एक्स-रे फिल्मचा. आठ बाय दहा इंचाच्या एका फिल्ममधून हाफ प्लेटचे दोन तुकडे निघतात. बरीच रुग्णालयं डिजिटल झाली आहेत, तरी डबा मिळतो, मी नाशिकहून आणला. ही फिल्म लाल रंगाला आंधळी असते. म्हणून लाल दिव्यात कापता येते, होल्डरमध्ये भरता येते आणि ट्रेमध्ये उमटताना डोळ्यांनी बघताही येते. तोटा असा की तिच्या दोन्ही बाजूंना रसायनाचा थर असतो, नखाचाही ओरखडा उठतो. ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवा आणि एका वेळी एकच तुकडा घाला.

लाल न दिसण्याचा आणखी एक परिणाम आहे. उन्हात रापलेला चेहरा या फिल्मवर असतो त्याहून काळा येतो, ओठ तर आणखी गडद. आबांच्या स्टुडिओत आरशाजवळ कंगवा आणि पावडरचा डबा असायचा. लोक हौसेने पावडर लावायचे हे खरंच, पण लाल न दिसणाऱ्या जुन्या प्लेटांसमोर तिचा थोडा उपयोगही होत असणार, असं मला आता वाटतं.

उजेडाचं गणित थोडक्यात सांगतो. मी एक्स-रे फिल्मची गती १०० धरतो. कडक उन्हात एफ/२२ ला तिला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. टोपण काढून लावण्यात एवढा छोटा वेळ साधणं माणसाला शक्यच नाही. म्हणून ऊन सोडायचं आणि ओट्यावर यायचं. फोनच्या मीटरप्रमाणे ओट्यावरचा उजेड उन्हापेक्षा सहा स्टॉप कमी होता, म्हणजे वेळ चौसष्टपट : सव्वा सेकंद. पण थांबा. आमची लेन्स आठ इंचांची, आणि चेहरा जवळून घ्यायचा म्हणून भाता दहा इंच ताणलेला. दहाला आठने भागा, त्याचा वर्ग करा : दीडपट. म्हणजे दोन सेकंद. भात्याचा हा हिशेब विसरल्यामुळे जितक्या निगेटिव्ह फिक्या येतात तितक्या दुसऱ्या कशाने येत नसतील.

आठव्या दिवशी आजी ओट्यावर बसल्या. आबांच्या लग्नाला साठ वर्षं होतील, आणि या कॅमेऱ्याने त्यांनी अख्ख्या गावाचे फोटो काढले, फक्त आजींचा काढायचा राहिला होता. का, विचारलं तर आजी म्हणाल्या, प्लेट महाग असायची. डोकं हलू नये म्हणून मागे भिंत टेकायला दिली. मी फडक्यात शिरणार तर आबांनी ते माझ्या हातातून घेतलं. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तरी भात्याचं चाक त्यांनीच फिरवलं, बराच वेळ. मग होल्डर घातला, झाकण ओढलं, टोपण काढलं आणि मोठ्याने मोजलं. आबांचे दोन सेकंद माझ्या घड्याळात तीन झाले.

लाल दिव्यात ट्रे हलवताना पहिल्यांदा पातळाचा काठ उमटला, मग कपाळ, मग डोळे. निगेटिव्ह जरा गडद आहे, पण रापलेल्या कातडीसाठी तो जास्तीचा सेकंद कामालाच आला. डोळे धारदार आहेत, कानापासून पुढे सगळं विरघळत जातं. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक काळा पट्टा आलाय, म्हणजे बारावं भोक कुठेतरी आहे.

गिऱ्हाइकाचा फोन काल येऊन गेला. आबांनी त्याला सांगितलं की कॅमेरा कामात आहे. आज संध्याकाळी भाता पुन्हा ताणून टॉर्च लावणार आहोत, आणि उद्या शेजारच्या दोन म्हाताऱ्या पावडर लावून येणार आहेत असं कळतंय. डब्यात फिल्म अजून बरीच आहे.