गोळी बंद करण्यापूर्वी

घरातला माणूस काही दिवस झोपत नाही, उधार काढून खर्च करतो, मोठमोठे बेत आखतो. मग महिनोन्‌महिने अंथरुणातून उठत नाही. आपण त्याला ‘असर’ समजून आमिलाकडे नेतो. दुआ जरूर करावी. पण हा बायपोलर आजार असू शकतो आणि त्यावर दवा आहे.

अडचण पैशांची असते. जरा बरे वाटले की आपण गोळ्या थांबवतो, त्या पैशात मुलांची फी भरतो. पण गोळ्या अचानक तुटल्या की आजार उलटतो आणि दवाखान्यात भरती करण्याचा खर्च त्याहून कितीतरी जड जातो.

म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, ‘इतके झेपत नाही.’ लिथियमसारखे जुने, तुलनेने स्वस्त औषध चालेल का, ते विचारावे. जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय पाहावी. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला सरकारी उपचार मोफत मिळण्याचा हक्क दिला आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

रमजानमध्ये विशेष जपावे. शरीरातले पाणी कमी झाले तर रक्तात लिथियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. रोजे ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आजाऱ्याला रोज्याची सवलत आहेच.

आणि जकात काढताना आपण शेजारच्या गरजू घराची औषधाची चिठ्ठीही आठवावी. ती मदत गुपचूप पोहोचवावी, म्हणजे त्या घराची अब्रूही राहील आणि गोळीही चुकणार नाही.