नामांची भूमी आणि सरकारचे हिरे

दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यात, जेथे ऑरेंज नदी अटलांटिक महासागराला मिळते आणि पैलतीरावर नामिबियाची हद्द सुरू होते, तेथे रिख्टर्सवेल्ड नावाचा एक रुक्ष, डोंगराळ मुलूख पसरलेला आहे. पाऊस तेथे नाममात्र पडतो. समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या ओलाव्यावर रसाळ पानांच्या नाना वनस्पती तग धरतात, आणि त्यांच्यावर शेळ्यामेंढ्यांचे कळप पोसणारे नामा लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. वाकवलेल्या फांद्यांच्या सांगाड्यावर लव्हाळ्याच्या चटया घालून ते आपले पारंपरिक घर उभारतात. ऊन तापले की चटयांच्या फटींतून वारा खेळतो, पाऊस आला की काड्या फुगून त्याच फटी बुजतात, आणि चारा सरला की सारे घर उतरवून, गुंडाळून जनावराच्या पाठीवर लादता येते. अशा फिरत्या संसाराकडे पाहून, या लोकांचा कोणत्याही जमिनीवर मालकीहक्क असणे संभवत नाही, अशी परक्या राज्यकर्त्यांनी समजूत करून घेतली; आणि पुढील अनर्थाचे मूळ या समजुतीत आहे.

वस्तुतः कोणत्या ऋतूत कोणत्या कुरणावर उतरावे आणि कोणता पाणवठा कोणी वापरावा, याची रीत जमातीत ठरलेली होती. बाहेरच्या माणसाला चराई हवी असेल तर जमातीची परवानगी घेऊन मोबदला भरावा लागे. खनिजांच्या शोधात आलेल्या परक्यांनीही आपले पट्टे जमातीकडूनच घेतले होते. 1847 साली ब्रिटिशांनी जाहीरनामा काढून हा प्रदेश केप वसाहतीस जोडला, तरी ही वहिवाट पुढे कित्येक दशके अबाधित राहिली, कारण त्या ओसाड भूमीत सरकारला हवेसे वाटावे असे काही आढळले नव्हते.

ते 1920 नंतरच्या दशकात आढळले. नदीने खंडाच्या अंतर्भागातून लक्षावधी वर्षे वाहून आणलेले हिरे लाटांनी किनाऱ्यावरच्या वाळूगोट्यांत पसरून टाकले होते, आणि अलेक्झांडर बे येथे प्राचीन कालवांच्या शिंपल्यांचा जो थर आहे त्याच्या अनुरोधाने खणत गेल्यास विलक्षण समृद्ध साठा हाती लागतो, हे हान्स मेरेन्स्की या भूशास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्यानंतर सरकारने किनारपट्टी आपलीच मिळकत असल्याचे गृहीत धरून तेथे सरकारी खाण चालू केली, कुंपणे घातली आणि नामा लोकांना तेथून बेदखल केले. 1927 च्या मौल्यवान रत्नांविषयीच्या कायद्यात दप्तरी नोंद असलेल्या मालकाच्या हिताची तरतूद होती. पण जमातीची मालकी कोणत्याच दप्तरात नोंदलेली नसल्यामुळे तिच्या पदरी ना जमीन आली, ना खनिजाचा वाटा, ना नुकसानभरपाई. जमीन हिसकावण्यासाठी येथे लढाई करावी लागली नाही. नोंदवहीतील कोरी जागा तेवढी पुरेशी झाली. आपल्याकडे वनहक्काचे दावे दाखल करताना आदिवासींकडे कागदाचा पुरावा मागितला जातो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या अन्यायाची जात ओळखू येईल.

वर्णद्वेषी राजवटीचा अंत झाल्यावर, 1913 नंतर वांशिक भेदभावाच्या कायद्यांनी वा व्यवहारांनी हिरावलेली जमीन परत मागण्याचा हक्क 1994 च्या कायद्याने मिळाला, आणि जमातीने ‘अलेक्सकोर’ या सरकारी खाण कंपनीविरुद्ध फिर्याद लावली. दावा सुमारे 85,000 हेक्टर किनारपट्टीचा होता. जमीन दावा न्यायालयाने तो फेटाळला, अपील न्यायालयाने जमातीच्या बाजूने कौल दिला, आणि अखेरीस 14 ऑक्टोबर 2003 रोजी संविधान न्यायालयाने असा निर्णय दिला की, जमातीच्या हक्काचे स्वरूप तिच्याच रूढ कायद्यावरून ठरवले पाहिजे. त्या कायद्यानुसार ही भूमी जमातीच्या सामायिक मालकीची होती, त्या मालकीत भूगर्भातील खनिजे व रत्नेही अंतर्भूत होती, आणि 1847 च्या जाहीरनाम्याने ती नष्ट झालेली नव्हती. ज्यांचे कायदे कधी लिहिले गेले नाहीत अशा लोकांच्या वहिवाटीला देशाच्या सर्वोच्च पीठाने पूर्ण मालकीची प्रतिष्ठा द्यावी, ही मला गेल्या अर्धशतकातील न्यायनिवाड्यांमधली अत्यंत थोर घटना वाटते.

निकाल मिळाला, पण परत आलेली भूमी पूर्वीची राहिली नव्हती. 2007 च्या तडजोडीनुसार जमातीला जमीन, 19 कोटी रँड भरपाई आणि खाणीच्या संयुक्त उद्योगात 49 टक्के भाग मिळाला. 51 टक्के सरकारी कंपनीकडेच राहिला. तोवर ऐंशी वर्षांच्या उत्खननाने समृद्ध थर उपसले गेले होते आणि किनाऱ्यावर खड्डे व मातीचे ढिगारे उरले होते. नदीमुखावरील खारट दलदल आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून 1991 साली मान्यता पावली, आणि अवघ्या चार वर्षांनी ती ऱ्हास पावणाऱ्या पाणथळींच्या यादीत गेली. खाणीच्या गाळाची वाऱ्याने उडालेली धूळ तेथील वनस्पतींवर बसली होती, आणि नदी व समुद्र यांच्या पाण्याची ये-जा बांधांनी अडली होती. आलेल्या पैशाच्या व्यवस्थेवरून जमातीतही फूट पडली. ज्या लोकांना तीन पिढ्या कारभारापासून दूर ठेवले, त्यांच्यावर एका दिवसात भांडवल आणि भागीदारी यांचा बोजा टाकला, तर तंटे होणारच. त्यांचा दोष केवळ त्यांच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

निकालाच्याच वर्षी, 2003 मध्ये, हिऱ्यांच्या व्यापारासाठी ‘किंबर्ले प्रक्रिया’ ही प्रमाणपत्रांची आंतरराष्ट्रीय व्यवस्था अमलात आली. बंडखोर फौजांच्या युद्धाला पैसा पुरवणारे कच्चे हिरे ती निषिद्ध मानते. परंतु सरकारने बेदखल केलेल्या लोकांच्या भूमीतून निघालेला हिरा तिच्या व्याख्येनुसार निर्दोष ठरतो. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात, त्यांचा मोठा व्यापार मुंबईत चालतो, आणि या व्यवस्थेचे अध्यक्षपद भारताने 2019 साली भूषविले आहे. तेव्हा ही व्याख्या विस्तृत करून घेण्याचा आग्रह धरण्याचा अधिकार, आणि तितकीच जबाबदारी, आपली आहे. आणि सराफाच्या पेढीवर हिऱ्याची शुद्धता व वजन विचारणाऱ्या प्रत्येक ग्राहकाने तो कोणाच्या भूमीतून आला आणि तेथील लोकांची संमती घेतली होती काय, हेही विचारावे.