बिडी-सिगारेट सोडल्यावर शरीर कसे सावरते?

बिडी सोडली आणि आठवड्याभरात खोकला उलट वाढला, असे अनेक जण सांगतात. सोडल्यामुळेच त्रास झाला असे समजून काही जण पुन्हा ओढू लागतात. तसे करू नका. श्वासनलिकेत केसांसारखे बारीक तंतू असतात. ते कफ व धूळ वर ढकलतात. धुरामुळे हे तंतू मंदावतात. धूर थांबला की ते पुन्हा कामाला लागतात आणि साचलेला कफ सुटू लागतो.

मात्र खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला, थुंकीतून रक्त आले, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर तो बिडी सोडल्यामुळेच आहे असे गृहीत धरू नका. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात क्षयरोगाची तपासणी करून घ्या. ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

बदल कधी दिसतात?

शेवटची बिडी विझल्यानंतर सुमारे 20 मिनिटांत नाडीचे ठोके व रक्तदाब उतरू लागतात. एक-दोन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघून जातो. दोन आठवडे ते तीन महिन्यांत रक्ताभिसरण सुधारते, जिना चढताना धाप कमी लागते. एका वर्षाने हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत त्यासाठी सुमारे दहा वर्षे लागतात. फुप्फुसाची जी हानी कायमची झाली आहे ती भरून येत नाही, पण ती पुढे वाढण्याचा वेग कमी होतो. म्हणून साठीनंतर सोडण्यातही फायदा आहे.

त्रास कधी होतो?

पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो. चिडचिड, झोप न लागणे, भूक वाढणे, बद्धकोष्ठता असे त्रास होतात. ‘सकाळी बिडीशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार खोटी नाही. पण भरपूर पाणी, भाज्या, फळे आणि थोडे चालणे याने ती बहुधा कमी होते. तलफ काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ हात आणि तोंड कशात तरी गुंतवा. बिडीऐवजी मिश्री, गुटखा किंवा तंबाखू धरू नका. निकोटीनची सवय तशीच राहते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असतील, तर सोडत असल्याचे डॉक्टरांना आधी सांगा. धूर बंद झाल्यावर यांपैकी काही औषधांचे प्रमाण बदलावे लागते.

मदत कुठे मिळेल?

राष्ट्रीय तंबाखू मुक्ती हेल्पलाइन: 1800-11-2356. कॉलला पैसे लागत नाहीत. समुपदेशक तुमच्याशी बोलून सोडण्याची तारीख ठरवून देतात. मोबाइलवर संदेशांद्वारे मदत हवी असल्यास 011-22901701 वर मिस्ड कॉल द्या. मध्येच एखादी बिडी ओढली गेली, तरी पुन्हा फोन करता येतो.