आघातसजग मानसचिकित्सा

स्वमग्नता, अवधानन्यूनता इ. कारणांनी ज्यांच्या मज्जासंस्थेची घडण बहुसंख्यांहून वेगळी असते, अशा व्यक्तींवर त्यांनी सोसलेले मानसिक आघात ध्यानी घेऊन केली जाणारी सौम्य मानसचिकित्सा. आघात म्हणजे केवळ अपघात वा अत्याचार नव्हे. कर्कश आवाज सोसण्याची सक्ती, हात झटकण्यासारख्या निरुपद्रवी हालचालींबद्दल शिक्षा, नजरेला नजर देण्याचा आग्रह, वर्गातील टिंगल ह्यांचाही साचत जाऊन तसाच परिणाम होऊ शकतो. म्हणून सल्लार्थीचे मौन किंवा मध्येच उठून जाणे हा हट्ट न मानता स्वसंरक्षण मानतात. चिकित्सक प्रथम सल्लार्थीला नव्हे, तर खोलीला बदलतो : प्रकाश मंद ठेवतो, भेटीत काय घडेल ते आधी सांगतो, बोलण्याऐवजी चित्र वा लेखनही स्वीकारतो आणि थांबण्याची एक खूण ठरवितो. जुन्या आठवणी उकरण्याची घाई केली जात नाही. निदान मात्र अवघड असते. आवाजाने दचकणे, झोप न लागणे, माणसे टाळणे ही लक्षणे स्वमग्नतेत आणि आघातानंतरही आढळतात.

आघातसजग सेवेची तत्त्वे अमेरिकेत मॅक्सीन हॅरिस व रॉजर फॅलट ह्यांनी २००१ मध्ये मांडली. त्याच वर्षी विभा कृष्णमूर्ती ह्यांनी मुंबईत ‘उमीद’ हे बालविकास केंद्र स्थापिले. तेथे वापरली जाणारी कथनात्मक पद्धती ह्या दृष्टीला जवळची आहे. मायकेल व्हाइट (१९४८–२००८) व डेव्हिड एप्स्टन ह्यांनी विकसित केलेल्या ह्या पद्धतीत मूल व समस्या वेगवेगळी मानून, मुलाची कहाणी त्याच्याच शब्दांत ऐकली जाते.